येजो घरी

त्या सिनेमाचं वाटोळं मी केलं. शेवटी पडद्यावर ज्या पाट्या सरकतात त्यांत छायाचित्रण, संकलन आणि दिग्दर्शन या तिन्ही ठिकाणी माझंच नाव आहे, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही मी ठेवलेली नाही. एका घरात एक अनोळखी माणूस शिरतो, अशी ती गोष्ट होती. पाहणाऱ्याचा घसा कोरडा पडायला हवा होता. लोकांनी मात्र तो चिवडा खात पाहिला, लेकरांना मांडीवर घेऊन पाहिला, आणि संपल्यावर मला म्हणाले, "मस्त झाला गा! फॅमिलीसोबत पाहण्यासारखा हाय." भीतीच्या सिनेमाला याहून मोठी शिवी नसेल. मी हसून हात जोडत होतो.

ज्यांची ती गोष्ट होती, ज्यांच्या घरात ती चित्रित झाली आणि ज्यांनी तिच्यात कामही केलं, ते कडेच्या खुर्चीवर बसले होते. ते मला काहीच म्हणाले नाहीत. निदान तेव्हा नाही.

मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. सांगताना मी मधूनमधून वाहवत जाईन. त्यांची आठवण निघाली की माझं असंच होतं. अपराधी वाटायला लागतं ते नंतर, आधी अंगात उत्साहच संचारतो.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. वर्धेच्या बाजारात त्यांचं कुलपांचं दुकान. कुलपं, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. मी लग्नांचे व्हिडिओ काढायला नुकती सुरुवात केली होती तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, आणि काम नसलं की दुकानात जाऊन बसायचो, कारण तिथे फुकटात करमणूक होती. गिऱ्हाईकानं कुलूप मागितलं की काकाजी लगेच देत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कोनाचा भेव हाय?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. "म्हणजे?"

"म्हंजे कोनाले भेतं तू? भावाचा भेव असंल तं येगळं कुलूप लागते, चोराचा असंल तं येगळं. सांगशीन तवाच देईन."

एकदा एका बाईंनी न लाजता "सासूचा" असं सांगितलं. काकाजी इतके खूश झाले की त्यांनी बाईंसाठी चहा मागवला आणि लोणच्याच्या कपाटाला पुरेल असं बारकं कुलूप शोधून दिलं. "थोडी सासूले बी दया दाखवजो," असं वर सांगितलं.

आणि अशा माणसाच्या घराच्या पुढच्या दाराला दिवसभर कडी नसायची. दार नुसतं लोटलेलं. वारा आला की उघडायचं, कुत्रं आत डोकावून जायचं. कुणी थट्टा केली की ते म्हणायचे, "मिठाईवाला घरी पेढे खाते काय गा?" तेवढ्यावर विषय संपायचा. मीही तेवढ्यावर संपवला होता.

त्यांचा दुसरा शौक सिनेमाचा. तोही एकाच जातीच्या सिनेमाचा, ज्यात कुणीतरी कुणाच्या तरी घरात शिरतं. हिंदी असो, इंग्रजी असो, दक्षिणेकडचा डब केलेला असो, भाषेशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "घुसला काय कोनी?" एवढंच ते तिकीट काढण्याआधी विचारायचे. थेटरात बाहेर जायच्या वाटेजवळची खुर्ची धरायचे आणि मग पडद्यावरच्या बाईला मोठ्यानं सल्ले द्यायचे. "अवं बाई, मांगचं दार! मांगचं दार पाह्य ना वं!" डोअरकीपर त्यांना ओळखायचे. आजूबाजूचे लोक आधी चिडायचे, मग अर्ध्या तासानं तेही बाईला सांगू लागायचे. एकदा तर मागच्या दाराचा सल्ला अख्ख्या थेटरानं एका सुरात दिला होता. मी तिथे होतो. इतकी मजा मला पुढे कुठल्या लग्नातही आली नाही.

सिनेमा कसा होता हे ठरवायची त्यांची रीत तर मी जन्मात विसरणार नाही. रात्री घरी येऊन झोपल्यावर ते जितक्यांदा उठून पुढचं दार पाहून येतील, तितका सिनेमा चांगला. सकाळी मी दात घासत जिना उतरायचो आणि विचारायचो, "काकाजी, किती डाव उठले?"

"तीन डाव!" असं म्हणाले की समजायचं, तुफान सिनेमा. "एक डाव" म्हणजे ठीकठाक. आणि काही वेळा ते तोंड वाकडं करून सांगायचे, "घोरलो."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मी जागी होती ना. याइचं घोरनं ऐकून चोर बी आला असता तं पळून गेला असता."

आता 'येजो'बद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या भागात निरोप देताना 'येजो' म्हणतात. म्हणजे आत्ता नव्हे, पुढे कधीतरी ये. सगळेच म्हणतात आणि कुणीच ते मनावर घेत नाही. काकाजींच्या तोंडात तर हा शब्द श्वासासारखा होता. कुरियरवाल्याला येजो, मीटर पाहायला आलेल्याला येजो. एकदा त्यांना चुकून कुणाचा तरी फोन लागला. काकाजी त्याला म्हणाले, "राँग नंबर हाय बाप्पा. पन वर्धेले आला तं घरी येजो." काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "येक दिवस सारा जिल्हा जेवाले येईन, त्या दिवशी मी माहेरी जाईन." मी राहती खोली सोडून सावंगीकडे स्वतःचं घर केलं तेव्हाही त्यांनी जिन्याशी उभं राहून तेच म्हटलं होतं.

हे सगळं जुनं. सिनेमाची गोष्ट अलीकडची, चार-पाच वर्षांतली.

एका मे महिन्यात एका थरारपटाचा बराच गाजावाजा झाला. शहराबाहेरचा बंगला, नवराबायको, बाहेर पाऊस, तोंडं झाकलेले तिघे जण. आता माझं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि काकाजींनी पंच्याहत्तरी ओलांडली होती, तरी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. पहिली दहा मिनिटं फार छान होती. काकाजी खुर्चीच्या कडेवर आले होते. आणि मग तो सिनेमा आमच्या डोळ्यांदेखत घाबरत गेला. म्हणजे आम्ही नाही घाबरलो, तो घाबरला. बाईच्या हाताशी फोन होता. ते तिघे दारं आपटत होते, पण कुणाला धक्का लागत नव्हता. नवऱ्याला गोळी लागली ती खांद्याला. नेमक्या वेळेला सायरन वाजला. मेलं असं वाटलेलं कुत्रंसुद्धा शेवटी लंगडत परत आलं.

परतीच्या वाटेवर काकाजी माझ्या कानाशी ओरडत होते. "सिनेमावाला आपल्याले भेवडवाले निंगते अन् सोताच भेते! कुत्रं बी मारवत नाई त्याच्याच्यानं! अन् पाऊस काऊन पाडला? रात्र काऊन केली? रात्री तं सारेच कान टवकारून असतात. भेव दुपारचा असते!"

"दुपारचा?"

"गाडी थांबव."

मी गाडी थांबवली. दुपारचे दोन वाजले असतील. "पाह्य," ते म्हणाले. मी पाहिलं. रस्त्यावर एक माणूस नव्हता. डांबर चमकत होतं. दुकानांची शटरं अर्धी खाली. प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर घोंघावत होता आणि त्या घोंघावण्याच्या आत माणसं निजली होती. कुणी कुणाच्या घरात शिरून आरडाओरडा केला असता, तरी शेजारच्याला कूलरपुढे ऐकू गेलं नसतं. खरं सांगतो, भर उन्हात मी एकदा मागे वळून पाहिलं.

घरी पोचल्यावर त्यांनी मला कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "माह्यापाशी येक गोष्ट हाय. घराबाहेर कोनाले सांगितली नाई. आयकतं?"

एक माणूस असतो. घरी एकटा, बायको माहेरी गेलेली. तो सेवाग्रामच्या दवाखान्यात कुणाला तरी भेटायला जातो, तिथे बाकावर शेजारी एक खेड्यातला माणूस बसलेला असतो. त्याची बायको आत भरती असते. दोघांचं बोलणं होतं. उठताना हा सवयीनं म्हणतो, "वर्धेले आला तं घरी येजो." काही दिवसांनी ऐन दुपारी दार वाजतं. तो माणूस खरंच आलेला असतो.

"मंग?" मी विचारलं. बोलता बोलता मीही त्यांच्या भाषेत गेलो होतो.

"मंग काई नाई. पानी पेते. बसते. जेवाले देल्लं तं जेवते. अन् जात नाई."

तो जात नाही! रात्री पुढच्या खोलीत निजतो. दुसऱ्या दिवशीही असतो. काही विचारलं की "हाव" म्हणतो. बायको कशी आहे विचारलं तर भिंतीकडे पाहतो. घरमालक हळूहळू भ्यायला लागतो. सुरी उचलून ठेवतो. पाहुणा पाणी प्यायला उठला तरी याचं काळीज उडतं. कुणीही दार फोडलेलं नाही, यानंच "येजो" म्हटलेलं आहे, त्यामुळे जा म्हणायला तोंडही नाही. तिसऱ्या दुपारी पाहुणा तंबाखू आणायला कोपऱ्यावर जातो आणि घरमालक आतून कडी लावून घेतो. पाहुणा परत येतो. दार वाजवतो. हळूच. पुन्हा वाजवतो. आतला माणूस कूलरमागे श्वास धरून बसलेला असतो. नेमकी तेव्हाच लाइन जाते, कूलर थांबतो, आणि दोघांच्यामध्ये एक फळी आणि पूर्ण शांतता उरते.

"मंग जाते थो," काकाजी म्हणाले. "त्याची थैली घरातच राह्यते. हा उघडून पाह्यते. आत बाईच्या चपला असतात. पेपरात गुंडाळेल. बस, तेवढंच."

मी उडालोच! चपला पाहून घरमालकाला कळतं, पाहणाऱ्याला कळतं: ती बाई गेली, तिच्या चपला घेऊन हा माणूस गावी जायला निघाला, आणि त्याला जाववेना. जगात त्याला "ये" म्हणणारं एकच दार होतं. आणि भीती कुठे होती? बाहेर नव्हतीच. ती सगळी कडीच्या आतल्या बाजूला होती. मी काकाजींचे दोन्ही हात धरले. "काकाजी, हा सिनेमा आपण करू! माझ्याकडे कॅमेरा आहे, लाइट आहेत, तुमच्याकडे घर आहे!"

"घरमालक मी करीन," ते ताबडतोब म्हणाले. जणू तेवढ्याचसाठी थांबले होते.

चित्रीकरणाचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत झिंगलेले दिवस. मे महिना, पंचेचाळीसच्या वर ऊन, कॅमेरा तापून बंद पडायचा म्हणून आम्ही त्याला ओल्या पंच्यात गुंडाळायचो. पाहुण्याच्या कामाला सावंगीच्या एका कॅन्टीनमध्ये काम करणारा माणूस मिळाला. त्याला नाटकबिटक काही येत नव्हतं, पण त्याचा चेहरा असा होता की तो नुसता बसला तरी खोली भरून जायची. काकूंनी तीन दिवस सगळ्यांना आंब्याचा रस वाढला आणि सांगून टाकलं, "मले माहेरी गेलेली दाखवून राह्यले म्हने. मंग रस कोन करून राह्यलं?"

मी पार्श्वसंगीत कुठून घ्यायचं याच्या विचारात होतो, तर काकाजी म्हणाले, "कायले पायजे? कूलर हाय ना." मी कूलरचा आवाज वेगळा मुद्रित केला. घरी ऐकला. तासभर ऐकत बसलो.

चपला लागणार होत्या. मी म्हटलं, बाजारातून आणतो. काकाजी आत गेले आणि बऱ्याच वेळानं एक पुडकं घेऊन आले. पेपर पिवळा पडलेला. आत प्लॅस्टिकच्या जुन्या बायकी चपला, एका पट्ट्याला तारेचा टाका. "ह्या घे," म्हणाले. मला वाटलं, काय हौशी माणूस, सामान आधीच जमवून ठेवलं!

मग कडीचा प्रसंग. मी त्यांना नीट समजावणार होतो, हात थरथरू द्या, अमुक करा. ते म्हणाले, "तू चूप बस अन् पाह्य." दाराजवळ गेले. कडी धरली. लावताना तिचा आवाज होऊ नये म्हणून तिच्याखाली दुसऱ्या हाताचा अंगठा धरला, आणि लोखंड लोखंडावर असं ठेवलं, जसं निजलेल्या लेकराला खाली ठेवतात. मग दाराला पाठ लावून उभे राहिले. बाहेरून दार वाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येणार नाही. मी "कट" म्हणायला विसरलो. नंतर ते खाली बसले आणि बराच वेळ तसेच बसून होते. मी आनंदानं नाचत होतो. "काकाजी, एका टेकमध्ये! काय काम केलं तुम्ही!"

हे सगळं माझ्या हातात होतं. आणि मी घरी जाऊन संगणकासमोर बसलो.

माझं पोट लग्नांवर चालतं, हे लक्षात घ्यावं. लग्नाचा व्हिडिओ म्हणजे मुळात कापाकापी. रुसलेला जावई कापायचा, पंगतीतली बाचाबाची कापायची, नवरीच्या मावशीचं खरं रडणं कापून तिथे गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या. मी इतकी वर्षं हेच करत आलो आणि त्यात चांगला आहे. कडीचा प्रसंग जोडताना माझ्या डोळ्यांसमोर माझी गिऱ्हाइकं आली. वर्धेतलं चांगलं घर, चांगला म्हातारा, आणि तो बायको मेलेल्या पाहुण्याला दाराबाहेर ठेवतो? लोक काय म्हणतील? आपल्याला असं दाखवलं, म्हणतील. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. मी आपला आपणच भ्यालो.

आधी मी चपला कापल्या. मग वाटलं, दुपार कशाला, रात्रच बरी. आणि संगणकावर रंग बदलून दुपारची रात्र केली. कूलर काढून तयार संगीत घातलं. मग पाहुणा चांगला ठेवून कसं चालेल, म्हणून कॅन्टीनवाल्याला परत बोलावलं, माझ्या मेहुण्याच्या नव्या घरात माकडटोपी घालून चाकू घेऊन चालवलं. काकाजींना एवढंच सांगितलं, "थोडं जोडकाम राहिलंय." आणि शेवटी सायरन. हो, मीसुद्धा सायरन घातला!

कडीचा प्रसंग मात्र मला कापवेना. इतका सुंदर होता. तो मी ठेवला. माकडटोपीवाला चोर दाराकडे येतोय आणि घरमालक ऐन वेळी धीर करून कडी लावतो, अशा जागी तो बसवला आणि मागे ढोल वाजवले.

ओळखीच्या एका मंगल कार्यालयात आम्ही तो दाखवला, नवरदेव-नवरीचे फोटो ज्याच्यावर झळकतात त्याच भिंतीएवढ्या पडद्यावर. गर्दी झाली. काकाजी नवीन धोतर नेसून आले होते, काकू सोबत होत्या. माकडटोपी दिसली तेव्हा काकाजी पहिल्यांदा हलले. "मे महिन्यात माकडटोपी?" ते मोठ्यानं म्हणाले. "वर्धेत? थो चोर उन्हानंच मरन." लोक हसले. मीही हसलो. मग कडीचा प्रसंग आला. काकाजींनी अंगठा धरला, कडी बसली, ढोल वाजले, आणि अख्ख्या कार्यालयानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिटी मारली. मी अंधारात त्यांच्याकडे पाहिलं, खूश झाले असतील म्हणून. ते पडद्याकडे पाहत नव्हते. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते.

बाहेर पडताना मी त्यांच्या पाया पडलो. ते हळूच म्हणाले, "त्याले चोर केलं गा तुनं."

मला वाटलं, गोष्ट बदलली म्हणून नाराज आहेत. लेखकाची नाराजी, होते. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, आमच्या जुन्या रीतीनं विचारलं, "काकाजी, किती डाव उठले?"

"नाई उठलो."

"घोरले?"

"बरं. ठेवतो मंग," म्हणाले, आणि फोन ठेवला. येजो म्हणाले नाहीत. कुरियरवाल्याला म्हणतात, राँग नंबरला म्हणतात, मला म्हणाले नाहीत.

सिनेमा मी नागपूरच्या एका स्पर्धेला पाठवला होता. तिथल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "घर छान आहे, म्हातारे गृहस्थ विलक्षण आहेत. पण तुम्ही फार जपून खेळलात. यात भीती कुठे आहे?" मी त्यांच्याशी वाद घातला. घरी येऊन आठवडाभर कुणाशी नीट बोललो नाही. काकाजींकडे जायचं टाळलं. टाळता टाळता दोन उन्हाळे गेले.

यंदा संकष्टीला मी केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर देवळाच्या पायऱ्यांवर काकू बसलेल्या. मी वाकलो. त्या म्हणाल्या, "काऊन रे, आमच्या घराची वाट इसरला काय?"

मी काहीबाही सबब सांगितली. मग वाटलं, निदान काकूंशी तरी बोलावं. म्हटलं, "काकू, त्या चपला तुम्हाला परत द्यायच्या राहिल्यात. माझ्याकडेच आहेत."

"माह्या नोहत त्या," काकू म्हणाल्या. "माह्या पायाले येत बी नाई. मी माहेराहून आली तवा घरात होत्या. मी इचारलं, कोनाच्या? हे बोललेच नाई. मंग सांगितलं, कितीतरी वर्सानं. थो पाहुना गेल्यावर गेल्ते हे त्याले शोधाले, दवाखान्यात इचारलं, नदीपलीकडच्या गावाइले फिरले. थो मानूस काई सापडला नाई."

मी पायरीवर बसलो.

"अन् तुले वाटते हे रात्री कडी लागली काय ते पाहाले उठते," काकू म्हणाल्या. "कडी नाई पाहत ते. कोनी बाहेर उभं तं नाई ना, ते पाहाले उठते."

केळझरहून वर्धेपर्यंत गाडी मी कशी चालवली, मला माहीत नाही. ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगू, अंगात एक भयंकर उत्साहही चढला होता. कारण मूळ चित्रण माझ्याकडे सगळंच्या सगळं होतं! घरी पोचून मी संगणक उघडला. माकडटोपी काढली, सायरन काढला, ढोल काढले. रात्रीची परत दुपार केली. कूलर घातला. कडीनंतर कूलर बंद होऊ दिला आणि ती शांतता जेवढी लांब होती तेवढी ठेवली, एक क्षणही कापला नाही. शेवटी चपला. हे करायला मला अनेक दिवस लागले, कारण मध्ये मध्ये हात थांबायचा. सगळं जोडून झाल्यावर भर दुपारी एकटाच पाहिला. संपल्यावर मी उठलो आणि पुढचं दार उघडून बाहेर पाहून आलो. रस्त्यावर नुसतं ऊन होतं.

तसाच निघालो. चपलांचं पुडकं घेतलं, सिनेमा खिशातल्या पेनड्राइव्हवर घेतला. दुपारचे दोन. काकाजींच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं, नेहमीसारखं. आत कूलर चालू होता. ढकलून आत जाता आलं असतं, कितीदा गेलो होतो. त्या दिवशी मी उभा राहिलो आणि दार वाजवलं. हळूच.

आतलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग पावलं, घाईची, त्यांच्या वयाला न शोभणारी. दार सताड उघडलं गेलं. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, आणि मग दुसरं काहीतरी आलं.

"तू हायस व्हय," म्हणाले. "उन्हात काऊन उभा? ये."

"तुम्ही येजो म्हणाले नव्हते काकाजी. तरी आलो."

ते वळले. आत जाऊन पाण्याचा गडू घेऊन आले. मी उंबऱ्याच्या बाहेरच होतो. पाणी प्यालो. पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं छातीशी धरलं, आणि माझ्याकडे पाहत राहिले. पेनड्राइव्ह खिशात होता, पण तो काढायच्या आधी दुसरं काहीतरी सांगायचं होतं, आणि वाटेत दहा तऱ्हांनी घोकलेलं ते सगळं मी विसरलो.

"काकाजी," मी म्हटलं, "थो चोर नव्हता. मी भेलो, म्हणून त्याले चोर केलं. अन् तुमच्या कडीवर लोकायच्या टाळ्या घेतल्या. चुकलो मी. माफ करा मले."